तीस गरे आणि चार बाटल्या

माझ्या सोड्याने माणूस मेला हे मी पहिल्यांदा ऐकले, तेव्हा मी दुकानात बाटल्या विसळत होतो. सांगणारा माझे रोजचे गिऱ्हाईक होता. बाटली हातात घेतलेली, अंगठा तिच्या तोंडातल्या काचेच्या गोळीवर ठेवलेला, आणि तिथेच थबकून तो म्हणाला, "शेठ, आज सकाळी फणस खाल्लाय हो. फणसावर सोडा पिऊन ठाण्यात एक जण मेला म्हणे. राहू दे." बाटली फळीवर ठेवून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी असे तिघे गेले. तिसऱ्या दिवशी कोणी आलेच नाही.

हे सोड्याचे यंत्र मी काही वडिलांकडून मिळवलेले नव्हते. मुंबईत एका सोड्याच्या कारखान्यात मी नऊ वर्षे बाटल्या धुतल्या. मालकाने जुने यंत्र मोडीत काढायचे ठरवले, तेव्हा तीन दिवस त्याच्या दारात बसून मी भाव पाडला. शेवटी तो म्हणाला, "बाबा, घेऊन जा, पण माझ्या दारातून ऊठ." ते यंत्र आगगाडीने कल्याणला आणले आणि पारनाक्याच्या अलीकडे एक गाळा घेऊन चाक फिरवायला लागलो. बाटल्या भरताना एखादी फुटून काचा उडतात, म्हणून तोंडावर गोणपाट बांधायचो. त्यामुळे पहिले काही दिवस लोक मला दरोडेखोर समजत.

गावातले लोक सोडा पीत नव्हते. ते स्टेशनातल्या साहेबांचे पाणी. मग विटाळाचा प्रश्न निघाला. हे पाणी कोणी भरले, कोणाच्या हाताने? एका शास्त्रीबुवांकडे मी दोन महिने खेटे घातले, तेव्हा कुठे त्यांनी निकाल दिला की ज्यात वायू कोंडला आहे ते पाणी पाणी राहत नाही, ते औषध होते. आणि औषधाला विटाळ नाही. तेव्हापासून जरा बरे दिवस आले होते. त्यातच गावातल्या एका मोठ्या वकिलांनी आपल्या मुलीच्या लग्नात पानागणिक एक बाटली सोडा ठेवायचे कबूल केले. वऱ्हाड ठाण्याचे, चांगले तालेवार. कल्याणातल्या एका मोठ्या पंगतीत सोडा एकदा बसला की पुढे सगळ्या पंगतींत बसणार, हे मला कळत होते. त्या लग्नावर माझे दुकान उभे राहणार होते नाहीतर आडवे होणार होते.

आणि लग्न ज्येष्ठात, ऐन फणसाच्या दिवसांत.

फणसावर विडा खाऊ नये, पोट फुगून माणूस मरतो, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. कोणीतरी त्यातला विडा काढून तिथे माझा सोडा घातला. कोणीतरी म्हणजे कोण, हे मला ठाऊक होते. माझ्या गाळ्यासमोर एका वैद्यबुवांचे घर होते. वायू, अजीर्ण, करपट ढेकर यांवर ते चूर्ण देत. माझ्या दुकानाला गर्दी होऊ लागल्यापासून ते ओसरीवर बसून माझ्याकडे असे पाहत, की जणू मी त्यांच्या चूर्णाच्या डबीत लघवी केली आहे.

चौथ्या दिवशी वकिलांनी बोलावले.

"शेठ," ते म्हणाले, "लग्नातला सोडा राहू द्या."

"का म्हणून?"

"पानात गरे असणार. वर सोडा. ठाण्यातल्या त्या कचेरीतल्या कारकुनाचं ऐकलंत ना? फणस खाल्ला, सोडा प्याला आणि फुटला. आवाज म्हणे तलावाच्या पलीकडे गेला."

"तुम्ही पाहिलात?"

"मी कशाला पाहीन? सगळे सांगतात."

"वकीलसाहेब, कोर्टात असा साक्षीदार आणलात तर न्यायाधीश हाकलून देईल तुम्हाला!"

वकील चिडले नाहीत. उलट समजुतीने म्हणाले, "अहो, मुलीचं लग्न आहे. वरपक्षातला एक जरी पंगतीत आडवा झाला, तर पोरीला जन्मभर सासूचे बोल खावे लागतील. खटला असता तर मी लढलो असतो. हे लग्न आहे."

मी तापलो होतो, पण त्या मनुष्याचे म्हणणे खरे होते. मी म्हणालो, "तो कारकून मेला की नाही याचा पत्ता मी लावतो. नसला मेला, तर सोडा ठेवणार?"

"आधी लावा तर खरा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी ठाण्याला गेलो. कचेरीच्या पायऱ्यांवर एक पट्टेवाला तंबाखू मळत बसला होता. त्याला विचारले. तो म्हणाला, "फुटलेला ना? ठाऊक आहे की. पण तो आमच्या कचेरीतला नव्हे. घोडबंदरच्या जकातनाक्यावरचा. इथले कारकून फुटायचे नाहीत, इथे जेवायलाच वेळ नसतो."

मी बैलगाडी करून घोडबंदरला गेलो. गाडीवाल्याने भाड्यात एक आणा वाढवून मागितला, तो मी दिला नाही, म्हणून वाटेत त्याने मुद्दाम प्रत्येक खड्डा घेतला. नाक्यावर दोघे जण खाडीकडे तोंड करून बसले होते.

"इथला कोणी फणस खाऊन मेला?"

"इथला? छे. इथे तर आम्ही दोघेच. मी जिवंत आहे." मग शेजाऱ्याकडे वळून, "काय रे, तू?"

"मी पण."

"तो खडवलीकडचा. बैलगाडी हाकता हाकताच फुटला. बैल तसेच घरी आले म्हणे."

बैल घरी आले ही गोष्ट त्याने इतक्या विश्वासाने सांगितली की क्षणभर मलाच वाटले, असेल खरे. दुसऱ्या दिवशी खडवलीला उतरलो. स्टेशनाबाहेर आंब्याखाली एक म्हातारा काथ्या वळत होता. त्याने माझे सगळे ऐकून घेतले आणि हसला.

"आमच्या गावान सोडा कोन आनील, शेट? इथं नदीचा पानी हाय. मेला तो कल्यानचा."

"कल्याणचा कोण?"

"सोडंवालाच. सोताच फनस खाल्लान नि वर सोताच पेला. दुकान हाय म्हनं त्याचा पारनाक्याला."

"बाबा, तो मी!"

म्हाताऱ्याने काथ्या खाली ठेवला आणि मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिले. मग हात जोडून म्हणाला, "मंग शेट, तुमी जा आता. तिन्ही सांजा व्हायच्या आत जा."

घरी आलो तेव्हा बायको पापड वाळत घालत होती. बाटल्या धुणे, भरणे, पेट्या, गिऱ्हाईक, सगळ्यांत तिचा माझ्याइतकाच हात होता, आणि डोके थोडे जास्तच. मी म्हणालो, "पत्ता लागला."

"कोण मेला?"

"मी."

तिने पापड उलटला. "मग जेवायला वाढू का नको?"

जेवता जेवता मी म्हटले, आता मेलेला शोधण्यात अर्थ नाही. तो मिळायचा नाही, आणि नाही मिळाला म्हणून कोणी ऐकायचेही नाही. आता फणस आणि सोडा यांनाच एकमेकांसमोर बसवायला पाहिजे.

तेल्याकडून मी कातड्याच्या तीन जुन्या बुधल्या आणल्या. माणसाचे पोट म्हणजे तरी काय, कातड्याची बुधलीच. एकीत गरे बारीक चिरून घातले आणि वर सोडा. दुसरीत गरे आणि विहिरीचे पाणी. तिसरीत नुसता सोडा. तिन्हींची तोंडे सुतळीने करकचून बांधली आणि अंगणात उन्हात ठेवल्या. बायको म्हणाली, "माझ्या पापडांजवळ नको." मी म्हणालो, "अगं, फुटायच्या नाहीत त्या, तेच तर दाखवायचंय."

घटकाभरात गरे आणि सोड्याची बुधली फुगू लागली. गाभण मांजरीसारखी. नुसत्या सोड्याचीही फुगली. पाणी-गऱ्याची तशीच पडून राहिली. मी वाकून पाहत होतो, तेवढ्यात पहिल्या बुधलीची शिवण सुटली आणि गऱ्यांचा लगदा सगळ्या पापडांवर गेला. त्यातला थोडा माझ्या मिशीवर.

बायको ओसरीवरून म्हणाली, "मेला म्हणायचं का याला?"

मी तिला काय उत्तर दिले ते इथे लिहीत नाही. पण लगदा पुसता पुसता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. फुगला तो सोडा, फणस नव्हे. नुसत्या सोड्याची बुधलीही तेवढीच फुगली होती, फक्त तिची शिवण नव्याने घातलेली होती. आणि बुधली फुगते, कारण तिचे तोंड मी सुतळीने बांधले होते. माणसाचे तोंड कोणी बांधत नाही. माणसाला ढेकर येतो. बुधलीला येत नाही. एवढाच काय तो फरक, पण माणूस जगतो तो त्याच्यावर!

हे शेजारच्या गवळणीला सांगितले तर ती म्हणाली, "मग माझ्या बोकडाला पाजून बघा की." बोकडाने फणसाची चारखंडे, म्हणजे सालपटे, आनंदाने खाल्ली. सोड्याची परात पुढे केली तर त्यात नाक घातले, बुडबुडे नाकात गेले, चार वेळा शिंकला, परात उलथी केली आणि माझ्या धोतराचा सोगा चघळायला घेतला. त्याच्यावरून काहीच सिद्ध झाले नाही. गवळण मात्र म्हणाली, बघा, मुक्या जनावराला कळतं, आणि ही गोष्ट संध्याकाळपर्यंत साऱ्या गावात गेली. बोकड प्याला नाही, बोकडाला कळतं.

आता माणूसच पाहिजे होता. पैसे देऊन कोणी तयार होईना. मग उरलो मी.

वकिलांच्या ओसरीवर बैठक भरली. वकील, वैद्यबुवा, मी, आणि दाराआड माझी बायको. दुसऱ्या दाराआड वकिलांची म्हातारी आत्या होती. सगळे घर तिच्या धाकात असे. ती दिसत नव्हती, पण अधूनमधून तिचा खोकला यायचा आणि वकील ताठ बसायचे.

"मी सगळ्यांसमोर गरे खाईन आणि वर सोडा पिईन," मी म्हणालो. "जगलो तर लग्नात सोडा. कबूल?"

वकील म्हणाले, "माझी ना नाही. पण गरे किती?"

"पन्नास," वैद्यबुवा म्हणाले.

"पन्नास गरे खाल्ले तर सोड्यावाचूनही माणूस मरेल. बारा."

"बारा गरे तर माझी नात खाते. चाळीस."

"तुमची नात सोडा पीत नाही. पंधरा."

"पस्तीस."

"अठरा. आणि आठळ्या खाणार नाही."

"आठळ्या नकोत. तीस."

"वीस. वीसच्या वर एक नाही."

वैद्यबुवा वकिलांकडे वळले. मी मनात खूश झालो, कारण पन्नासाचे वीस म्हणजे निम्म्याहून खाली आले होते. इतका भाव मी यंत्राचाही पाडला नव्हता. मुकाट्याने घरी जायला हवे होते. पण वैद्यबुवा हसत म्हणाले, "राहू द्या हो वकीलसाहेब, वीस तर वीस. बिचाऱ्याचाच आपल्या मालावर विश्वास नाही, तर आपण कशाला ताणायचं?"

माझे डोके फिरले. "विश्वास नाही? तीस! तीस घ्या! आणि बाटली एक नाही, चार!"

दाराआडून बायकोचा आवाज आला, "अहो!" पण बोललेला शब्द परत घेणे मला कधी जमले नाही.

वकिलांनी कागद काढून कलमे लिहिली. वकील पेशाचा माणूस लग्नपत्रिकाही कराराशिवाय छापणार नाही. गरे तीस, लहान-मोठे पाहून निवडलेले. बाटल्या चार, शेठच्या दुकानातल्या, गोळी फोडलेली सगळ्यांसमोर. दुपारी जेवणाऐवजी हाच आहार. त्यानंतर दिवेलागणीपर्यंत शेठने अंगणातच बसावे, मधे उठू नये, घशात बोट घालू नये. वैद्यबुवांनी समोर बसावे. फणस वैद्यबुवांनी आणावा, म्हणजे शेठने काही लबाडी केली असे कोणी म्हणू नये.

"आणि मेले तर?" बायकोने दाराआडून विचारले.

वकिलांनी लेखणी थांबवली. "मेले तर... सोडा लग्नात नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

घरी येताना ती मला म्हणाली, "मरायचंच असेल तर आधी पन्नास बाटल्या भरून ठेवा. मला ते चाक एकटीला फिरत नाही." ती आतून घाबरली होती हे मला कळले. रात्री तिने देवाला साखर ठेवली. सकाळी विचारले तर म्हणाली, मुंग्यांसाठी.

ठरल्या दिवशी वकिलांच्या अंगणात पन्नासेक माणसे जमली. वैद्यबुवांनी फणस आणला. एवढा थोरला की दोघांनी उचलून आणलेला. हाताला तेल लावून त्यांनी तो चिरला. आतून रस वाहायला लागला.

बरका!

फणस कापा असतो, नाहीतर बरका. काप्याचे गरे कसे, कुरकुरीत, दाताखाली येणारे. तीस काय, चाळीस खाईन. बरका म्हणजे लिबलिबीत. गरा तोंडात घातला की तो चघळला जात नाही, आपणच घशात उतरतो, जिवंत माशासारखा. लहानपणापासून मला बरक्याची शिसारी. आणि मी! संख्येचा भाव केला, आठळीचा केला, बाटल्यांचा, वेळेचा, सगळ्याचा केला. फणस कापा की बरका एवढेच लिहून घ्यायचे राहिले. जन्मभर भाव करणाऱ्या माणसाने मालाची जातच विचारली नाही.

"हा बरका आहे!" मी ओरडलो.

वकिलांनी कागद पाहिला. "कागदात फणस म्हटलंय, शेठ."

"कापा असंच समजायचं असतं! पैजेला बरका कोण आणतं?"

"समजायचं असतं ते कागदावर नसतं," वकील म्हणाले. वैद्यबुवा तेलाचे हात पुसत गालात हसत होते.

मी बसलो. पहिला गरा गेला. दुसरा गेला. सहाव्याला डोळ्यांत पाणी आले. जमलेल्यांतले काही मोठ्याने मोजत होते, "नऊ! दहा!" जणू मी शर्यतीचा घोडा आहे. तेराव्याला मी डोळे मिटले. सतराव्याला मला माझी आई आठवली. विसाव्यापाशी मी थांबलो आणि वैद्यबुवांकडे पाहिले. ते म्हणाले, "विसावर थांबायचं असेल तर अजून वेळ गेलेली नाही." त्या वाक्याने उरलेले दहा खाली गेले. ते गऱ्यांमुळे गेले नाहीत, रागामुळे गेले.

मग बाटल्या. पहिली फोडली, फट्ट झाले, पुढची रांग मागे सरली. प्यालो. दुसरी प्यालो. तिसरी निम्मी झाली आणि पोट असे ताणले की बुधलीची शिवण डोळ्यांसमोर आली. बायको तुळशीवृंदावनाच्या मागे उभी होती, पदराचे टोक तोंडात. चौथी बाटली मी हळूहळू प्यालो. सगळे माझ्या पोटाकडे पाहत होते. एका बाईने आपले मूल मागे ओढून घेतले.

ढेकर येईना. माझे सगळे शास्त्र त्या एका ढेकरावर उभे होते, आणि तोच येईना. बरका वर तरंगून बसला होता, बुचासारखा. मला घाम फुटला. वैद्यबुवा पुढे वाकून म्हणाले, "शेठ, काही सांगून ठेवायचंय का?"

मी सांगण्यासाठी तोंड उघडले आणि तो आला. असा आला की समोरच्या वडावरचे कावळे उडाले. लगेच दुसरा. मग तिसरा, लांबलचक, मधे वळण घेतलेला. पोट सैल पडत गेले. कोणीतरी हसले, मग सगळे अंगण हसायला लागले. मी एकेक ढेकर वैद्यबुवांच्या तोंडासमोर मोकळा केला. अकरा मोजले लोकांनी. मी मुद्दाम जास्त दिले नाहीत.

दिवेलागणीला वकिलांनी दिवा आणला तेव्हा मी उठलो आणि जाहीर म्हणालो, "मला भूक लागलीय." ते खोटे होते. पण असल्या वेळी असे बोलावे लागते.

"आता काय म्हणणं?" मी वैद्यबुवांना विचारले.

ते शांतपणे म्हणाले, "बरक्यावर चालत असेल. बरका पातळ, वाट देतो. मृत्यू होतो तो काप्यावर."

मी त्यांच्या अंगावर गेलो. दोघांनी धरले म्हणून, नाहीतर त्या दिवशी फणस न खाताच एक जण मेला असता. अंगणात कुजबूज सुरू झाली, खरंच की, कापा नव्हताच. वकीलही कपाळाला आठ्या घालून कागद पुन्हा वाचू लागले. माझे तीस गरे माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात चालले होते.

तेवढ्यात दाराआडून खोकला आला. पाठोपाठ आत्याबाई स्वतः उंबऱ्यावर आल्या. वकील उठून उभे राहिले.

"तो शेवटचा आवाज," त्या मला म्हणाल्या, "तो पाण्यानं आला का फणसानं?"

"पाण्यानं, आत्याबाई."

"बारा वर्षं माझ्या छातीत वायू अडकलाय. इथे." त्यांनी बोट ठेवून दाखवले. "ह्याचं चूर्ण घेते बारा वर्षं." त्यांनी वैद्यबुवांकडे हनुवटी केली. "एक ढेकर नाही. बाटली आण एक."

"आत्याबाई, सोवळं..." वकील म्हणाले.

"औषधाला कसलं रे सोवळं?"

बायकोने बाटली फोडून पेल्यात ओतली. आत्याबाईंनी तोंड वाकडे केले, डोळे मिटले आणि एका दमात रिकामा केला पेला. क्षणभर काही नाही. मग त्या म्हातारीच्या एवढ्याशा देहातून असा खणखणीत ढेकर निघाला की माझा पहिला लाजला असता. त्यांनी छातीवरून हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

"गेला," त्या म्हणाल्या. मग वकिलांना, "लग्नात पानागणिक दोन ठेव."

बारा वर्षांच्या ढेकरापुढे कापा की बरका हा वाद कोणी काढणार? त्या रात्री मी आणि बायको चाक फिरवत बसलो आणि हसून हसून दोन बाटल्या वाया घालवल्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दोन दिवसांनी मी पंगतीची बोलणी करायला गेलो, तर वकील अगदी प्रेमाने म्हणाले, "सोडा पक्का, शेठ. फक्त पानातले गरे काढलेत. कशाला उगीच?"

"काढले? अहो, मग मी खाल्ले कशाला?"

"तुम्ही धीराचे. पाहुणे वेगळे."

"वकीलसाहेब, पानावर एक गरा ठेवा. एकच. मी प्रत्येक बाटलीमागे भाव उतरवतो."

मी आपणहून भाव उतरवायचे म्हणालो ते आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी. ते हसले आणि नाही म्हणाले. मी अर्ध्या गऱ्यावर आलो. तरी नाही.

आणि वैद्यबुवा? महिन्याभरात त्यांनी दारात पाटी लावली : वायूवर आमचे चूर्ण सोडावॉटरबरोबर घ्यावे. सोडा माझ्याकडूनच नेत, त्यामुळे मी बोलू शकत नव्हतो. आज कल्याणात कोणालाही विचारा, सोड्याचा गुण कोणी शोधला? म्हणतील, वैद्यबुवांनी. तीस बरके गरे कोणी गिळले हे कोणी सांगत नाही. मला अजून रात्री कधी कधी त्या सतराव्या गऱ्याची चव येते, आणि मग झोप लागत नाही.

लग्नाला मला आमंत्रण होते. धोतर धुवून घेतले, नवे पागोटे घातले आणि कमरेच्या रुमालात दोन गरे बांधून नेले. कापे. मी स्वतः झाडाखाली जाऊन निवडलेले. पंगत भरली, पानागणिक दोन बाटल्या, बाटल्यांचा फटफट आवाज मांडवभर. ठाण्याची मंडळी पहिल्या घोटाला दचकत होती आणि दुसऱ्याला हसत होती. मुलीचा सासरा ढेकर देऊन म्हणाला, "वा!" मी पोटभर जेवलो, सोडा प्यालो, मग रुमाल सोडून एक गरा काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरून खाल्ला. शेजारचा ठाण्याचा पाहुणा घास हातात धरून माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने आपले पान आणि दोन्ही बाटल्या हळूच हातभर पलीकडे सरकवल्या.

मी त्याच्याकडे तोंड करून दुसराही खाल्ला.